मोकळी बाजू

जमिनीवर वर्तमानपत्रं चिकटपट्टीनं जोडून एक मोठा आयत केला होता आणि त्याच्याभोवती खुर्च्या मांडल्या होत्या. आजींनी दारातूनच मोजल्या. तीन.

घरात माणसं चार. मुलगा, सून, नात आणि त्या स्वतः.

"जेवणाचं टेबल घेतोय ना," मुलगा मोजपट्टी गुंडाळत म्हणाला. "दुकानात सगळंच लहान दिसतं गं आई. घरी आणलं की खोली खाऊन टाकतं. म्हणून आधी कागदावर."

"आणि ही बाजू?"

आजींच्या खोलीकडची बाजू मोकळी होती. तिथं खुर्ची नव्हतीच, उलट भिंतीपर्यंत नुसती ऐसपैस जागा सोडलेली. ती तशीच ठेवायची आहे, येण्याजाण्याला बरं, असं सुनेनं सांगितलं आणि सांगता सांगता नवऱ्याकडे पाहिलं. कोणाच्या येण्याजाण्याला, ते काही ती बोलली नाही.

आजी खोलीकडे वळल्या तशी उजव्या पायातली चप्पल निसटली. हल्ली सारखी निसटायची.

"आई, नवी आणू का तुम्हाला?" सुनेनं विचारलं.

"पट्टा सैल झालाय. दुसरं काही नाही," आजी म्हणाल्या, आणि चप्पल तिथंच टाकून आत गेल्या.

आजी निवृत्त शिक्षिका, विषय शास्त्र आणि भूमिती. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असं त्यांनी पोरांना घसा कोरडा होईतो बजावलं होतं. पण इथं निरीक्षण एकच असतं तर गोष्ट वेगळी. मागच्या महिन्यात गवंडी येऊन त्यांच्या खोलीचा उंबरठा काढून गेला. झाडायला सोपं पडतं म्हणे. आणि हे सांगणाऱ्या सुनेनं त्या घरात झाडू कधी हातात धरला नव्हता. मग खोलीबाहेरच्या बोळातली सतरंजी धुवायला गेली ती परत आली नाही. मग त्यांचं कपाट नातीच्या खोलीत गेलं. डॉक्टरांनी त्यांना तपासलं, "वयाचं आहे, आजी" म्हणून हसून बाहेर बसवलं आणि मुलाला मात्र आत थांबवून घेतलं. आणि परवा लेकीचा फोन. एरवी आई येणार म्हटलं की जिच्या घरी रंगकाम निघतं, ती लेक आपणहून विचारत होती, "थोडे दिवस माझ्याकडे येतेस का?"

पाणी कुठंतरी मुरत होतं. आता कुठं, तेही दिसलं. खोली रिकामी होत होती आणि टेबल तिघांचं होत होतं. एवढं गणित नापास होणाऱ्या पोरालाही जमलं असतं.

आजी कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडल्या. जायचंच तर कोणी सांगण्याआधी आपणच सांगून जायचं, हे ठरलं. पिशवीत काय काय भरायचं हेही जवळजवळ ठरत आलं होतं, तेवढ्यात बाहेर काहीतरी घरंगळल्यासारखा आवाज झाला.

आजी उठून दाराच्या फटीशी आल्या.

मुलाची कॉम्प्युटरसमोरची चाकांची खुर्ची होती. तिच्यात मुलगा स्वतः बसला होता, हात मांडीवर, एखाद्या जहागीरदारासारखा, आणि सून मागून ढकलत होती. आजींना हसूच आलं.

"पाय टेकवू नकोस," सून हळू आवाजात म्हणाली. "त्यांना टेकवता येणार नाहीत."

मुलानं पाय उचलून धरले. सुनेनं खुर्ची आजींच्या दारापासून वळवत मोकळ्या बाजूला नेली. कागदाच्या कोपऱ्याशी ती अडली.

"कोपरा लागतोय. खरी व्हीलचेअर तर याहून रुंद असते."

"गोलच घेऊ मग," मुलगा म्हणाला. थोड्या वेळानं तो म्हणाला, "आईला सांगायचं कसं गं?"

"टेबल तर येऊ दे आधी."

आजींचा हात चौकटीवर होता. तो तिथंच राहिला.

मुलानं पेन्सिलीला दोरी बांधली, एक टोक सुनेला मधोमध दाबून धरायला दिलं आणि वर्तमानपत्रावर वर्तुळ काढायला घेतलं. दोरी ढिली पडली. पेन्सिल आत आली, मग बाहेर गेली. त्यानं तसंच पुढं रेटलं.

"ताणून धर," दारातून आवाज आला. "हा बटाटा झाला."

दोघंही गुडघ्यांवर होती तशीच राहिली. सुनेच्या हातून दोरीचं टोक सुटलं.

"अगं आई, आम्ही आपलं असंच..."

"माप ज्याचं त्याच्यावर घ्यावं," आजी म्हणाल्या. "आण ती खुर्ची इकडे."

मुलगा उठला, पण खुर्ची काही त्यानं आणली नाही. शेवटी सुनेनं आणली. आजी हातांवर भार देऊन सावकाश बसल्या. मुलाला त्यांनी मागं उभं केलं आणि जरा जोर लाव म्हणाल्या, मी काही तुझ्यासारखी फुकाची बसलेली नाही.

मग त्यांनी डावा पाय उचलला. उजव्याची क्षणभर वाट पाहिली. तो येईना, तेव्हा गुडघ्याखाली दोन्ही हात घालून तो वर घेतला, डाव्यावर ठेवला आणि सुनेकडे न बघता म्हणाल्या,

"चप्पल नको आणूस. पट्टा घट्टच आहे."