दुखत तर काहीच नव्हतं

"मशीन बिघडलं असेल तुमचं," शू माओ-शेंग म्हणाला. "मला खाज नाही, पुरळ नाही, ताप नाही. रोज पहाटे उठून शंभर माणसांचं सोयादूध काढतो मी."

समोरची यू-च्येन हसली नाही. एरवी हसायची. तैवानमधल्या काओश्युंगच्या त्या रुग्णालयात एचआयव्ही असलेल्या माणसांचं सगळं तीच बघायची: गोळ्या, तारखा, रडगाणी. गोळ्यांनी विषाणू कितीही दबलेला असो, दर तीन महिन्यांनी रक्त, लघवी आणि घशात कापसाची काडी चुकायची नाही. काही होत नाही म्हणूनच तपासायचं, असं ती प्रत्येकाला बजावायची.

"दादा, रक्त दोनदा तपासलंय. सिफिलिस आहे. इंजेक्शन घेतलंत की बरा होतो." तिनं कागद पुढे ओढला. "मागच्या खेपेला नव्हता. म्हणजे या तीन महिन्यांतला. कोणाकोणाबरोबर होतात, तेवढं सांगा."

"कोणाकोणाबरोबर म्हणजे? आ-खुनबरोबर. सोळा वर्षांचा संसार आहे आमचा, दुसरं कोण असणार?"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. आ-खुन जाऊन पाच आठवडे झाले होते. डोक्यात रक्तस्राव होऊन दुकानाच्या दारातच कोसळला होता. दोघं इथं कायम जोडीनं यायचे, फक्त मागच्या खेपेला आ-खुन आला नव्हता. दुकान कोण बघणार, म्हणाला होता. माओ-शेंगला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं होतं.

यू-च्येननं पेन कागदावर टेकवलं, पण लिहिलं काहीच नाही. त्याचा त्याला फार राग आला.

"लिही," तो म्हणाला. "मीच शेण खाल्लं. पुरुष पुरुषांना भेटतात त्या सॉनात गेलो होतो. नाव-गाव काही माहीत नाही. लिही ना, बघतेस काय?"

"दादा."

"गेलेल्या माणसावर बोट ठेवायचं नाही, पोरी. त्याच्या सुतकाचे एकोणपन्नास दिवससुद्धा अजून व्हायचेत."

"मी कोणावरच बोट ठेवत नाहीये," ती हळू आवाजात म्हणाली. "पण तो जो कोणी आहे ना, त्यालाही काही दुखत नसेल. तुमच्यासारखाच म्हणत असेल, मला काय धाड भरलीये. वर्षानुवर्षं तसंच राहतं ते, आणि मग एखाद्याचे डोळे जातात, एखाद्याचं डोकं. तुम्ही दर तीन महिन्यांनी येता म्हणून सापडलात. त्याला कोण सांगणार?"

माओ-शेंग खिडकीबाहेर बघत बसला. आणि त्याला पान चिह-युआन नावाचा तो माणूस आठवला.

आ-खुन गेला त्या दिवसापासून हा पस्तिशीचा माणूस घरी येत होता. आ-खुनचा बॅडमिंटनचा मित्र, असं त्यानंच सांगितलं होतं. गेलेल्या माणसासाठी कागदाची कमळं घडवायला घरचेदारचे बसले, तसा तोही बसला. नातेवाईक गप्पा मारत वीस-पंचवीस घडवून उठले. हा मान खाली घालून रोज दीडशे-दोनशे घडवायचा, कागदानं बोटं कापली तरी उठायचा नाही. माओ-शेंगनं त्याला आपल्या हातची पेज वाढली होती. आ-खुनच्या थोरल्या बहिणीला वर म्हणालाही होता, "असा मित्र मिळायला नशीब लागतं."

माझ्या घरात बसून, माझ्या हातचं खाऊन! माओ-शेंगच्या मस्तकात तिडीक गेली. सगळे धाय मोकलून रडत होते तेव्हा एकट्या पानला तेवढं उघड रडता येत नव्हतं, हेही त्याला त्याच वेळी उमजलं. रागापेक्षा ते सोसायला जड होतं.

"नाव माहीत आहे मला," तो शेवटी म्हणाला.

"मग फोन मी करते. कोणाकडून कळलं ते आम्ही सांगत नाही. तुमचं नाव येणार नाही. आ-खुनदादांचंही नाही."

"असा परका फोन आला तर भीतीनंच मरेल तो. एकटा राहतो." त्यानं मोबाइल काढला. नंबर होताच. आ-खुनसाठीच्या पुढच्या पूजेची वेळ विचारायला पान दर आठवड्याला फोन करायचा.

यू-च्येन उठली आणि दार लोटून बाहेर गेली.

पहिल्याच रिंगला पलीकडून आवाज आला. "बोला, दादा. काही आणायचंय का?"

माओ-शेंगनं शिव्या तयार ठेवल्या होत्या, चांगल्या जिव्हारी लागतील अशा. त्यातली एकही तोंडातून निघाली नाही.

"रक्त तपासायला ये," तो म्हणाला. "मला सिफिलिस निघालाय. आ-खुनकडून आलाय. तुला काही होत नसलं तरी ये. आजच ये."

 पलीकडून अगदी बारीक आवाजात प्रश्न आला, "दादा, तुम्ही चिडलाय ना माझ्यावर?"

"चिडलोय तर. पण ज्याच्यावर चिडायचं, तो गेला," माओ-शेंग म्हणाला. "तू ये. मी खाली दारात थांबतो."