ताटात उरलेलं

मंदारने वरणभाताचा घास बायकोच्या, रेवतीच्या ओठांशी नेला. तिने मान फिरवली.

"नको रे. तू जेव."

"अगं, तीन दिवस पोटात काही नाही तुझ्या."

"भूक लागलीय. पण घासाला तोंडच उघडत नाही."

मधुमेहामुळे महिन्यापूर्वी तिच्या कानामागे संयमाची चकती बसवली होती. माणूस मन मारून कशाला 'नको' म्हणतो, ते पाहून चकती शिकायची आणि मेंदूतल्या मन आवरणाऱ्या लगामाला बळ द्यायची. रेवती गोडाला नको म्हणाली. पण शेवटची पोळी मुलाला वाढताना, पाहुणी म्हणून गेल्यावर आग्रह होतानाही ती भूक दाबून नकोच म्हणाली. चकतीने तोही संयमच धरला आणि सगळंच खाणं अडवलं. आता आग्रह वाढला की लगाम आणखी घट्ट व्हायचा. चकती काढायला आधी अंगात ताकद हवी, असं डॉक्टर म्हणत होते.

मंदारने चमचा ठेवला. स्वतःच्या ताटातले दोन घास त्याने गिळले, पुढचा जाईना. तो उठला.

"टाकून देतो हे."

"टाकतोस कशाला? अर्धं ताट सोडायला नवरदेव लागून गेलास?"

तिने ताट ओढलं, भात कालवला आणि घास तोंडात घातला. नवऱ्याच्या, मुलाच्या ताटात उरलेल्याला तिने आयुष्यात कधी नको म्हटलं नव्हतं.

मंदार पाठमोरा उभा राहिला. 'आणखी घे' हे शब्द ओठांवर आले होते. ते त्याने दात आवळून गिळले.