उजव्या अंगाने

आराबाने चार महिन्यांत एकदाही नमस्कार केला नव्हता. एकदाही! रोज पहाटे एकुवा मान्सा दारात स्टुलावर बसलेली असे, आणि ही बया डोक्यावर घमेलं घेऊन तिच्या शेजारून समुद्राकडे चालती होई. एकुवाला दिसे ती फक्त तिची पाठ. ना हाक, ना शब्द. शेळीसुद्धा जाता जाता बें करते.

आणि हे करावं कोणी? जिला एकुवाने सगळं हाताला धरून शिकवलं. तारलीला धूर किती द्यायचा, लाकूड कुठलं लावायचं. माशाचा डोळा बघायचा. डोळा स्वच्छ तर मासा ताजा, डोळा पांढरा तर फेकून द्यायचा. रीतही तिनेच शिकवली. थोरांना डाव्या हाताने काही द्यायचं नाही. त्यांच्या डाव्या अंगाने जायचं नाही, ती शिवी होते. तोंडात दातवण असताना, चूळ भरल्याशिवाय, त्यांच्याशी बोलायचं नाही. शिवाय किनाऱ्यावरच्या, मासे धुरवायच्या चाळीस चुलींतली एक चांगली चूल तिला काढून दिली. चूल पेटली तशी मान ताठली.

एकुवा त्या चाळीस चुलींची मुख्य. तिने ठरवलं, मंगळवारी आराबाची चूल काढून घ्यायची. मंगळवारी समुद्रात कोणी होडी घालत नाही, बायका मोकळ्या असतात. चूल गेली की आराबाला चार पोरं घेऊन माहेरची वाट धरावी लागणार होती. धरू दे.

म्हातारी एसी तेवढी मध्ये बोलली. "एकुवा, तिने केला असेल गं नमस्कार. तुलाच दिसला नसेल."

"मला? मला इथून होडीतल्या माणसाची दाढी दिसते."

"गेल्या आठवड्यात माझ्या बोकडाला पाद्री समजून नमस्कार केलास तो?"

"तुझ्या बोकडाला रीत आहे. त्याने उलट मान तरी हलवली."

बायका हसल्या. ते हसणं एकुवाला झोंबलं. त्याच मंगळवारी केप कोस्ट शहरातून एक डॉक्टरीण चर्चच्या ओसरीवर डोळे तपासायला येणार होती. एकुवाने सगळ्यांना बजावलं, "आधी माझे डोळे बघा, चारचौघींत. मग हिचा निकाल, तिथल्या तिथे."

मंगळवारी उजाडता उजाडता तिने आराबाला बोलावणं धाडलं आणि स्वतः ठेवणीतलं लुगडं गुंडाळून सगळ्यांच्या आधी खुर्चीत जाऊन बसली. मागे बायकांची ही गर्दी.

डॉक्टरीण तरुण होती. "मावशी, धुरात किती वर्षं काढलीत?"

"तुझी आई जन्मली नव्हती तेव्हापासून."

डॉक्टरणीने तिचा उजवा डोळा झाकला आणि बोटं वर केली. "किती?"

"तीन. आणि नखं कापायला झालीत."

एकुवाने मागे वळून बायकांकडे बघून घेतलं. ऐकलंत ना?

मग डावा डोळा झाकला. "आता किती?"

एकुवाने डोळा ताणला. मग एकदम उसळली. "हात काढ आधी! चांगला डोळा झाकलास तर दिसेल कोणाला?"

या वेळी कोणी हसलं नाही. आपण काय बोलून गेलो ते एकुवालाही कळलं. डॉक्टरणीने उजव्या डोळ्यात बॅटरी मारली. "मावशी, हा पार पांढरा झालाय. मोतीबिंदू आहे."

"मी काय तारली आहे? पांढरा म्हणे! फेकून देतेस का मला?"

"फेकायचं कशाला? पुढच्या महिन्यात काढून टाकू. दिसायला लागेल." डॉक्टरणीने हात बाजूला घेतला. "आता दोन्ही डोळे उघडे ठेवा. सरळ माझ्याकडे बघा, मान हलवू नका. तुमच्या उजव्या अंगाला कोणी आहे?"

"भिंत आहे."

एसीने कपाळाला हात लावला.

एकुवाने मान वळवली. हातभर अंतरावर आराबा होती. गुडघे वाकवलेले, नजर जमिनीकडे. उठल्या उठल्या तशीच धावत आलेली, तोंडात दातवण.

"किती वेळ अशी उभी आहेस गं?"

आराबाने तोंडातलं दातवण काढलं. ओसरीच्या कडेला गेली, तिथल्या माठातलं पाणी घेतलं, चूळ भरली, तोंड पुसलं. परत उजव्या अंगाला येऊन वाकली. मग म्हणाली, "चार महिने, मावशी."

आराबा सांगत राहिली.

"रोज वाकत होते, पहाटे तोंडात दातवण म्हणून न बोलता. तुमची मानच हलायची नाही. थोरांनी नमस्कार घेतला नाही तर धाकट्याने कारण विचारायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मग दिवसभर तुमच्यासमोर यायचं धाडस होईना."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मागे चाळीस चुलींच्या बायका निकालाची वाट बघत होत्या. एकुवा उठली. डोक्याचं फडकं घट्ट केलं. हनुवटी होती त्याहून वर गेली.

"रड थांबव. रडण्यासारखं मी अजून काही बोललेले नाही. चार महिने आंधळ्या डोळ्यापुढे वाकत राहिलीस, अक्कल काय धुरात टांगली होतीस? चूल तुझी, तुझ्याकडेच राहील. कोणाला बोलायचं असेल तिने माझ्याशी बोलावं. आणि उद्या पहाटे ये. माझ्या डाव्या अंगाने."