नीलांबरी

"लेखात नाव कोणतं ठेवू तुमचं?" डॉ. इनिसनी हळूच विचारलं.

रत्नप्रभाबाईंनी दवाखान्याच्या बंद दाराकडे पाहिलं. त्यांचा मुलगा कौशिक गाडी दारापुढे आणायला खाली गेला होता.

डॉ. इनिस स्कॉटलंडमधल्या कोळ्यांच्या एका गावातून तरुणपणी कतारला, दोह्याला आले. तेव्हा समुद्रकाठी ते पिरॅमिडसारखं हॉटेल एकटंच उभं होतं. रत्नप्रभाबाई नवी नवरी म्हणून उतरल्या, त्याही त्याच सुमाराला. आठवडाभर डॉक्टर रोगी तपासायचे आणि शुक्रवारच्या इंग्रजी पुरवणीत एखाद्या रोग्यावर लेख लिहायचे. बाई तो चहाबरोबर वाचायच्या. यजमान श्रीपती गेले तेव्हा त्यांच्यावरचाही वाचला. नाव तेवढं बदललेलं, बाकी अक्षर न् अक्षर खरं. आणि माणूस गेल्याखेरीज त्याच्यावर लेख यायचा नाही.

"माझ्यावर कधी लिहिताय?" असं बाई दरवेळी चिडवायच्या. "रांगेत थांबा," डॉक्टर म्हणायचे. आज बाईंनी विचारलंही नव्हतं.

त्यांना रडू आलं नाही. भीतीही वाटली नाही. घरी मटकी भिजत घातलीय, तेवढं आठवलं.

"नीलांबरी," त्या म्हणाल्या.

लग्नात तांदळात लिहायला सासूबाईंनी हेच नाव काढलं होतं. श्रीपतींनी बदलू दिलं नव्हतं. नाव तसंच कोरं राहिलं होतं.

दार ढकलून कौशिक आत आला. "आई, रिपोर्ट एकदम नॉर्मल आहेत. बी-ट्वेल्व्ह जरा कमी आहे, बस्स. हवं तर विचार डॉक्टरांना." डॉक्टरांकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

"त्यांना कशाला विचारू? तू सांगतोयस ना."

"मग यल्ला, निघू या. मी लिफ्ट थांबवतो. तू ये सावकाश."

तो गेला. त्याचे डोळे धुतल्यासारखे लाल होते. बाईंनी पर्स खांद्याला लावली आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, नीलांबरीला शेवटपर्यंत काही कळलं नाही, असं लिहा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "नावाखेरीज मी खोटं काही लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

"कौशिक तुमचं कधी वाचत नाही," बाई म्हणाल्या. "पण हा एक लेख वाचेल."