डावी बाही

डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं लांब होती. टाचणीबाईंनी स्वेटर मेजावर पसरला, दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवून पुन्हा पाहिल्या आणि तोंडातल्या टाचण्या काढून बाजूला ठेवल्या.

तोंडात सदा टाचण्या आणि जिभेलाही तीच धार, म्हणून चर्चच्या बायकांनी हे नाव ठेवलेलं. बाईंना ते ठाऊक होतं. मनातून आवडायचंही. चर्चच्या मागच्या खोलीत त्या आठवड्यातले चार दिवस फुकट शिवण करायच्या. लोक फाटकाजवळच्या पेटीत जुने कपडे टाकायचे, धुऊन आले की बाई ते दुरुस्त करायच्या आणि गुरुवारी ते गरजूंना वाटले जायचे. गावात कुणी बेवारस मेलं तर चर्चच त्याला माती द्यायचं. त्याचं कफनही याच मशीनवर शिवलं जायचं.

सोमवारीच एक शिवून झालं होतं. कफनाच्या बाबतीत बाईंचा एक नियम होता. माप सांगा, बाकी चकार शब्द नको. कोण, कुठला, कसा गेला हे कळलं की त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नसे. यंदाच बदलून आलेले चर्चचे पाळक चिठ्ठी हातात घेऊन "स्टँडवरच्या बाकावर होता हो, बिचारा..." एवढंच म्हणाले, तोच बाईंनी हात वर केला.

"माप, पाळकसाहेब."

कापड कमी पडलं, तेव्हा कुरकुरत त्यांनी पायाशी वीतभर पट्टी जोडली आणि विषय संपवला.

आज गुरुवार. समोर वाटायच्या कपड्यांचा ढीग आणि त्यात हा राखाडी स्वेटर.

"एवढं काय निरखताय?" शेजारी बटणं लावत बसलेल्या काकूंनी विचारलं.

"हा मी विणलाय. माझ्या मुलासाठी."

काकू बटणं खाली ठेवून जवळ सरकल्या.

विणताना टाके मोजायला चुकल्या होत्या बाई. लाज वाटून बाही उसवायला बसल्या, तर मुलाने हात धरला. "राहू दे गं आई. हजार स्वेटरांत ओळखेन तुझा." तोच घालून तो नोकरीसाठी परगावी गेला, त्याला तीन वर्षं झाली. महिन्या-दोन महिन्यांनी फोन यायचा, दर वेळी निराळ्या नंबरवरून. ऑफिसचा आहे म्हणायचा. मोठी जागा बघतोय, मिळाली की तुला न्यायलाच येतो म्हणायचा. आणि ठेवताना न चुकता, "तुझा स्वेटर अंगातच आहे बरं का." बाई ते वाक्य अख्ख्या चर्चला ऐकवत सुटायच्या.

"म्हणजे गावात येऊन गेला की काय?" काकू हळूच म्हणाल्या.

नेमकं तेच झोंबत होतं. पेटीपासून बाईंचं घर तिसरं.

"पेटीपर्यंत आला! पुढे तीन दारं चालवेना त्याला!"

"अहो, कुणाला तरी दिला असेल. त्या माणसाने टाकला असेल इथे."

"मग अंगातच आहे, अंगातच आहे म्हणून कशाला सांगायचं? आणि दशा बघा याची." बाईंनी कोपर पुढे केलं. लोकर झिजून जाळी झाली होती, काख उसवली होती. "पायपुसणं केलंय नुसतं."

"रागावू नका. एक फोन करून तर बघा."

"कुठल्या नंबरवर?" बाई फाडकन बोलून गेल्या आणि मग ओठ चावत बसल्या. "मी का करू? त्यानेच करावा. आणि आता केला तरी मी उचलायची नाही. संपलं."

रडू येत होतं, पण काकूंसमोर रडण्यातल्या त्या नव्हत्या. त्यांनी कोपराला ठिगळ लावलं, काख शिवली. काम अर्धवट टाकायची सवय नव्हती, दुसरं काही नाही. निदान तसं त्या स्वतःला सांगत होत्या.

"घरी न्या तो," काकू म्हणाल्या. "राग काय, आज आहे, उद्या नाही."

"त्याला नकोसा झाला, तर मला काय करायचाय?"

दुपारी दार उघडलं. रांगेत पहिला एक हमाल होता. बाहेर ट्रक उभा होता, त्यातून लांबच्या कामावर निघालेला. बाईंनी स्वतः उठून स्वेटर त्याच्या हातात दिला.

त्याने तिथेच अंगात घातला. "बाई, एक बाही लांब आहे."

"दुमडा की. कोण ओळखणारंय आता?"

ट्रक निघून गेला. मोकळं वाटेल असं बाईंना वाटलं होतं. कसलं काय! त्याचा फोन आला तर उचलावा, त्यांच्या मनात आलं. दोन शिव्या हासडाव्यात, पण उचलावा.

तेवढ्यात चर्चचं धुणं करणारी मावशी आली. तापाने उतरलेला चेहरा, डोक्याला फडकं.

"बाई, दोरीवरचे कपडे कुणी काढले हो?"

"काकूंनी. तुम्ही दोन दिवस अंथरुणात, मग काय करणार? सगळे इथेच आणून टाकले."

"अगं बाई! त्यात एक राखाडी स्वेटर होता."

"होता. दिला मी. का?"

"देऊन टाकलात?" मावशीने ढिगातले उरलेले कपडे उलथेपालथे केले. "तो पेटीतला नव्हता हो. जपून ठेवायचा म्हणून पाळकसाहेबांनी मुद्दाम धुवायला दिलेला. सोमवारी तुम्ही ज्याचं कफन शिवलंत ना, त्याच्या अंगातला होता तो. घरचं कुणी शोधत आलं, तर ओळखायला तेवढी एकच खूण होती."