दुसरं काही लावायचं असेल तर

जिज्ञासाच्या दीड वर्षाच्या आर्वीला एक्झिमा, त्यात डायपरची जागा लालबुंद होऊन सोललेली. पोरीला जरा बसवलं की ती भोकाड पसरायची. कात्रपच्या डॉक्टरांनी सांगितलं, "साधं कोमट पाणी, या मलमाचा जाड थर आणि डायपर काढून मोकळी हवा. दुसरं काही लावायचं असेल तर आधी टेस्ट करून बघा."

कुणावर, ते त्यांनी सांगितलं नाही.

बदलापूर गावात घरी पोचेपर्यंत सासूबाईंनी हळदीत लिंबू पिळून ठेवलं होतं. "आमचा कमल्या याच्यावरच मोठा झाला." जयदेवमामा कापूर घातलेलं तेल घेऊन आले. खुद्द कमल्याने, म्हणजे जिज्ञासाच्या नवऱ्याने, आफ्टरशेव्ह सुचवलं. "जंतू मरतात गं."

जिज्ञासाने कुणालाच नाही म्हटलं नाही. ती शांतपणे एवढंच म्हणाली, "ज्याचा उपाय त्याने आधी स्वतःला लावायचा. त्याच जागी. तीन दिवस, दोन वेळा."

माघार कोण घेणार? तिघांनीही लावलं. आर्वीला मात्र फक्त मलम आणि हवा.

चौथ्या दिवशी सगळे दवाखान्यात गेले. डॉक्टर खूश झाले. "छान बरं झालंय की. उभे का? बसा ना सगळे."


फक्त जिज्ञासा बसली. आणि आर्वी.