वजाचं चिन्ह

“नाही घेणार,” मुलगी म्हणाली, आणि गणिताच्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

शाळेच्या शेवटच्या वर्षी उच्च गणित घ्यायचं की साध्यावर भागवायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं. निम्मा वर्ग आईबापांच्या धाकाने घेत होता आणि पुढे वर्षभर रडणार होता. हिला कोणाचा धाक नव्हता, परीक्षेत हिचा एकही गुण कधी जात नव्हता, आणि हिला पूल बांधायचे होते. उच्च गणिताशिवाय ते शिक्षण मिळत नाही, हे बाईंनी पुन्हा एकदा सांगून पाहिलं. मुलगी मान खाली घालून ऐकत राहिली. झेपणार नाही, एवढंच म्हणाली. बाईंना ते पटलं नाही. त्यांनी तिच्या वडिलांना फोन केला.

वडील वजनकाटे तपासायचे. दुकानोदुकानी जायचं, पेटीतली प्रमाण वजनं काट्यावर ठेवायची, काटा किती खोटं बोलतो ते पाहायचं. या कामात दुकानदार गप्प राहतात आणि तपासणारा त्याहून गप्प राहतो. ती गप्प राहायची सवय घरीही आली होती. मुलगी बापाच्याच वळणाची. घरातलं बोलायचं खातं आईकडे होतं. आई गेली आणि खातं बंद पडलं. मग दोघं भात झालाय, किल्ली ठेवलीय, दिवा मालव, एवढ्यावर दिवस काढू लागली. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची भांडणं चालायची, तीसुद्धा ऐकायला बरी वाटायची.

असंच एकदा संध्याकाळी ती वहीत गणितं सोडवत होती, तेव्हा वडील ताटल्या पुसत तिच्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, “इथलं वजा कुठं गेलं?” ती खरीच चुकली होती. वडील खुर्ची ओढून बसले, पेन्सिल घेतली, चूक दाखवली. मग बोलता बोलता त्या दिवशीच्या एका दुकानदाराची नक्कल केली. तपासणी चालू असताना तो काट्याकडे असा बघत होता म्हणे, जसं काही काट्याचंच ऑपरेशन चाललंय. मुलगी हसली. खूप दिवसांनी त्या घरात कोणी हसलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने वजाचं चिन्ह मुद्दाम गाळलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी एक गणित चुकायचं, वडील खुर्ची ओढायचे आणि घरात थोडा वेळ माणसं राहायची. वडिलांना साधं गणित येत होतं. उच्च गणितातलं त्यांना ओ की ठो कळलं नसतं. खुर्ची ओढायला कारणच उरलं नसतं. मुलीने हिशोब केला होता आणि पूल सोडून दिले होते.

त्या संध्याकाळी वडील आले, वजनांची पेटी भिंतीशी ठेवली, खुर्चीवर बसले. वही उघडीच होती. त्यांनी पेन्सिल उचलली नाही. बाईंचा फोन आला होता म्हणाले.

“मला नाही जमणार, बाबा. तुम्ही बघता ना, साध्यातसुद्धा रोज चुकते.”

वडिलांनी वहीची मागची पानं उलटली.

“बिघडलेला काटा कधी जास्त दाखवतो, कधी कमी,” ते म्हणाले. “रोज ठरावीक कमी दाखवणारा काटा बिघडलेला नसतो. तो कोणीतरी तसा लावून ठेवलेला असतो. तुझं रोज वजाच हरवतं. अधिक एकदाही हरवलं नाही.”

मुलीचे कान लाल झाले. पलीकडे आज भांडणसुद्धा नव्हतं.

उद्या जाऊन बाईंना हो सांग, वडील म्हणाले. त्या गणितात मला काही सापडायचं नाही, तेव्हा तिथं काही हरवत बसू नकोस.

“घेते,” ती म्हणाली. मग तिने विचारलं, “कधी कळलं तुम्हाला?”

“पहिल्याच आठवड्यात.”

“मग बोलला का नाहीत?”

वडिलांनी वही हळूच मिटली.

“बोललो असतो, तर तू बरोबर सोडवायला लागली असतीस.”